लीना, नीला आणि एकावन्न ताटं

लीनाकाकू अजून जिवंत आहेत हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल म्हातारा गेलेल्या बाईबद्दल वाईट बोलतो. नव्वदी ओलांडली, कान गेले, पण आमच्या नोव्हाय गावातल्या दिवाळीला व्हीलचेअरवरून येतात आणि मला बघून अजून म्हणतात, "कसा आहेस रे गजा?" मी पंच्याहत्तरीचा झालो तरी गजाच. मी वाकून नमस्कार करतो. कंबर धरलेली असते म्हणून पुरतं वाकता येत नाही, पण मनातल्या मनात जे काही बोलतो ते अगदी ताठ उभं राहून बोलतो. हे सगळं मी फोनला सांगतोय आणि फोन लिहून घेतोय. लिहायला मला आता येतं, तशी अडचण नाही. पण माझ्या लिहिण्यानं एकदा काय झालं ते ऐकलंत की तुम्हीच म्हणाल, फोनच बरा.

ताईनं मला इकडं अमेरिकेत आणलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि माझी शाळा चौथीतच संपलेली होती. शाळेला मी नको होतो, मलाही शाळा नको होती, एवढं एकमत आमचं आयुष्यात पुन्हा कशावर झालं नाही. आमचं गाव सांगलीकडचं. शाळा सुटल्यावर मी पेठेत तांबटकाकांच्या दुकानात भांड्यांवर नावं घालायला बसलो. लग्नाचं भांडं आलं की काका त्यावर खडूनं नाव लिहून द्यायचे, आणि मी छिन्नी-हातोडीनं ठिपका ठिपका करत खडूवरून जायचो. ठक ठक ठक. वाचता येत नसलं तरी चालायचं. खडू दिसला की झालं. माझी एकच खोड होती. दीर्घ वेलांटीचं टोक सगळे आत, अक्षराच्या डोक्यावर वळवतात, ते माझ्या हातून बाहेर वळायचं, विंचवाच्या नांगीसारखं. काकांनी दोनदा कानफटात मारली, वेलांटी काही आत वळली नाही. मग त्यांनीच नाद सोडला.

ताईच्या लग्नात आईनं तिला एक पितळी डबा दिला. पाच शेर तांदूळ मावतील एवढा, वर कडी, झाकण घट्ट. त्यावर नाव घालायचं काम अर्थातच घरच्या कारागिराकडं. काकांनी खडूनं लिहून दिलं, "चि. नीलास आईकडून." मे महिना, अंगाला घाम, डबा मी पोटाशी धरलेला. बघतो तर नीलातली अक्षरं घामानं पुसलेली. वेलांटी आणि काना तेवढे जागच्या जागी उभे. अक्षरं मला आठवत होती, एक 'न' आणि एक 'ल'. कुठलं आधी ते आठवत नव्हतं. मी बसवली अंदाजानं. आईला वाचता येत नव्हतं, तिनं डब्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान झालं." ताईनं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडात कोंबला. डब्यावर लिहिलं होतं, "चि. लीनास आईकडून." ती कुणाला काही बोलली नाही. पुढं मला चिडवायचं असलं की पत्रात खाली सही करायची, "तुझी लीनाताई." ते पत्र आईला दुसरंच कुणीतरी वाचून दाखवायचं आणि आई विचारायची, ही लीना कोण?

तर इकडं आलो तेव्हा असा काळ होता की आता सांगून खरं वाटत नाही. मोठं युद्ध संपून पंचवीसेक वर्षं होत आली होती. दुसरं एक लांब कुठंतरी चालू होतं. पण आमच्या रस्त्यावर भरभराट काही थांबायला तयार नव्हती. सकाळी उठून बघावं तर काल जिथं मक्याचं शेत होतं तिथं घरांच्या चौकटी उभ्या. दिवसभर हातोड्यांचा आवाज, पोटाशी भांडं घेऊन बसल्यासारखं वाटायचं मला. दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, एका मोटारीच्या कंपनीत गाडीच्या दाराच्या हँडलांची डिझाइनं काढायचे. तेवढंच काम. लोक दरवर्षी गाडी बदलायचे, म्हणून दरवर्षी हँडल बदलायचं. मी एकदा विचारलं, "दाजी, जुनं हँडल उघडत नव्हतं का?" ते म्हणाले, "गजा, तू असले प्रश्न विचारशील तर आपण दोघं गावाला परत जाऊ." मला पार्ट्सच्या कारखान्यात झाडू मारायचं काम एका सकाळीत मिळालं. गेटवरच्या माणसानं इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी "यस" म्हणलं. तेवढंच येत होतं. नशीब, त्यानं चोर आहेस का असं विचारलं नव्हतं.

घरात रोज नवीन काहीतरी यायचं. टोस्टर आला, ब्लेंडर आला, डीप फ्रीजर आला आणि त्यात ठेवायला काही नव्हतं म्हणून ताईनं पोळ्याच गोठवल्या. त्या मी टोस्टरमध्ये घातल्या. टोस्टर गेला. कोथिंबीर म्हणून आणलेला पाला कोथिंबीर नसायचा. भाकरी मक्याच्या पिठाची, थापली की तुटायची, ताई ती तव्यावरच जोडायची, गोधडीसारखी. आत्ता माझ्या शेजारी पुण्याची दोन पोरं राहतात, व्हिसावर आलेली. त्यांना मी हे सांगितलं की म्हणतात, "काका, सिरियसली? कढीपत्ता पण नाही? कसं सर्व्हाइव्ह केलं यार?" मी म्हणतो, नाही केलं, टोस्टरनं तर नाहीच केलं.

त्या वेळी आसपास मराठी घरं होती बारा-तेरा, आणि त्या सगळ्यांच्या वर लीनाकाकू. नागपूरच्या. मिस्टर डॉक्टर. त्यांच्याकडं सगळं आधी यायचं आणि सगळ्यांपेक्षा मोठं यायचं. आमच्याकडं काळा-पांढरा टीव्ही आला तेव्हा त्यांच्याकडं रंगीत. आमच्याकडं रंगीत आला त्या दिवशी त्या म्हणाल्या, आम्ही हल्ली टीव्ही बघतच नाही. मला बघून त्यांची एक ठरलेली ओळ असायची, ती त्या पाहुण्यांना माझ्यासमोरच सांगायच्या. "हा नीलाचा भाऊ. स्वभावानं चांगला आहे, पण कोरा." मला पहिलं वर्षभर वाटत होतं की कोरा म्हणजे स्वच्छ. मी थँक्यू म्हणायचो.

आमच्या सगळ्यांच्यात एक रीत होती, अजून आहे, की कुणाचा डबा आला तर तो रिकामा परत करायचा नाही. साखर घाला, चार बदाम घाला, काही नसलं तर बटाटे घाला, पण घाला. एका दिवाळीला ताईनं भाजणी ब्लेंडरमध्ये दळली, ब्लेंडर गेला, पण चकल्या अशा झाल्या की दाजी हँडलं विसरले. काकूंकडं चकल्या पाठवायच्या तर प्लॅस्टिकचे सगळे डबे आधीच बाहेर गेलेले. मग आईचा पितळी डबा भरला. मीच नेऊन दिला. काकूंनी तो दारातच हातात घेतला, फिरवून बघितला, नाव वाचलं आणि हसल्या. मला वाटलं, चकल्यांना हसल्या.

मग आई गेली. तार आली. तेव्हा जाणं म्हणजे काय होतं ते आताच्या पोरांना सांगून कळायचं नाही. तिकीट काढून पोचेपर्यंत तेरावा होऊन गेला असता. आम्ही दोघं गेलो नाही. ताई रडली नाही. तिनं फक्त स्वयंपाकघर आवरायला काढलं, सगळी कपाटं रिकामी केली, आणि मग म्हणाली, "गजू, आईचा डबा अजून आला नाही." आईचं एवढंच होतं तिच्यापाशी. फोटोसुद्धा नव्हता. तिनं काकूंना फोन केला. "शोधते हं." पुन्हा आठ दिवसांनी केला. "अगं, एवढ्या पसाऱ्यात कुठं गेला बघायला पाहिजे." तीनदा झालं. नंतर ताई फोनपाशी जाऊन नुसतीच उभी राहायची.

संक्रांतीला हळदीकुंकू काकूंकडं. बाहेर गुडघाभर बर्फ, म्हणून बायकांना गाडीनं सोडायला गेलेले आम्ही पुरुषही आत बसलेलो. दिवाणखान्यात नवा लँप. मोठी पांढरी शेड, आणि खाली आईचा डबा. घासून पुसून सोन्यासारखा केलेला, तळाला भोक पाडून त्यातून वायर काढलेली. तेव्हा ती नवीनच फॅशन निघाली होती. स्वयंपाकाला सगळं प्लॅस्टिक आणि स्टील, आणि पितळ दिवाणखान्यात. ताईनं हातातला तिळगूळ तसाच धरून ठेवला.

"काकू, तो माझा डबा."

"तुझा?" काकू म्हणाल्या. "अगं, त्यावर नाव बघ ना. लीनास आईकडून. माझ्या आईनं दिलेला आहे."

"ते नाव चुकलंय. माझ्या भावानं घातलंय, त्याच्या हातून अक्षरं उलटी पडली."

"अच्छा. आणि उलटी पडून नेमकं माझंच नाव झालं?" काकूंनी सगळ्यांकडं बघितलं. बायका हसल्या. "मग भांड्यावर नाव घालतात कशाला, नीला? बोलाव तुझ्या भावाला. गजा, इकडं ये. काय लिहिलंय वाच बरं."

मी डब्यासमोर उभा राहिलो. माझीच वेलांटी, माझाच काना, आणि मला वाचता येईना. सगळे थांबलेले. मी अंदाजानं म्हणलं, "नीला." कारण मला तेच म्हणायचं होतं. अख्खी खोली हसली. दाजीपण हसले, नंतर त्यांना वाईट वाटलं, पण हसले. ताई हसली नाही. परत येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "भोक पाडलंय रे तिनं. आता त्यात तांदूळ राहायचे नाहीत."

त्या वाक्यावर मी सहा महिने जगलो. कारखान्यात झाडू मारताना काकूंना मारायचो. त्यांच्या गाडीच्या टाकीत साखर घालायचं ठरवलं, पण गेलो आणि चुकून डॉक्टरकाकांच्या गाडीपाशी पोचलो. ते भले माणूस, म्हणून साखर खिशात घेऊन परत आलो. खिशाला मुंग्या लागल्या. असा माझा सूड.

उन्हाळ्यात काकूंनी आणखी मोठं घर घेतलं. सगळेच तेव्हा शहरापासून लांब लांब सरकत होते, काकू दोन गावं जास्त सरकल्या. वास्तुशांतीला त्यांनी नागपूरहून एकावन्न स्टीलची ताटं आणवली आणि त्यांना हवी होती नावं, कारण त्यांचं म्हणणं, इथले लोक जेवायला येतात आणि ताटं घेऊन जातात. त्या बोलल्या तसंच मी सांगतोय. अख्ख्या मिशिगनमध्ये ताटावर मराठी नाव घालणारा माणूस एकच होता. सहा महिन्यांत त्या सगळं विसरल्या होत्या. मला फोन करून म्हणाल्या, "गजा, तू ते ठोकायचं काम करतोस ना?" मी "यस" म्हणलं.

कारखान्यातल्या ड्रिलच्या तुटक्या टोकाला धार लावून मी छिन्नी केली. काकूंनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, "लीना." म्हणाल्या, नाव ताटाच्या पाठीवर घाल, जेवताना दिसायला नको. पहिलं ताट मी त्यांना दाखवायला सरळ उतरवलं. त्यांनी बघितलं, "बरं आहे," म्हणाल्या आणि मला त्यांच्या गॅरेजमध्ये सोडून गेल्या. मग मी माझा डाव टाकला. डाव असा की उरलेल्या पन्नास ताटांवर ताईचं नाव घालायचं, आणि वास्तुशांतीला भर पंगतीत काकूंचंच बोलणं काकूंना ऐकवायचं. लिहिता येत नव्हतं तरी एवढं मला कळत होतं की ताईचं आणि काकूंचं नाव म्हणजे तीच दोन अक्षरं, पुढं-मागं. मी कात्री घेतली, काकूंचा कागद मधोमध कापला, डावा तुकडा उजवीकडं ठेवला, उजवा डावीकडं. झाली नीला! एवढी हुशारी मला पहिल्यांदाच सुचली होती. आठ दिवस संध्याकाळी ठक ठक ठक. प्रत्येक ठिपक्याला काकूंचा चेहरा आठवायचो, त्यामुळे काही ताटांना पोचे आलेत.

वास्तुशांतीला पन्नास माणसं. नवीन घर, नवीन पांढरा गालिचा, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि कोपऱ्यात लँप. ताट वाढायला मीच पुढं, कुणी पाठ बघू नये म्हणून. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात. सगळे गालिच्यावर बसून जेवले. शेवटचा घास चालू असताना मी मधोमध उभा राहिलो. गावाकडच्या आवाजात ओरडलो, "सगळ्यांनी ताटं पालथी करा!"

लोकांना वाटलं पूजेतलं काहीतरी आहे. अर्ध्या जणांनी खरंच केली. श्रीखंड गालिच्यावर. काकू किंचाळल्या. मी म्हणलं, "काकू, संक्रांतीला तुम्हीच म्हणालात, भांड्यावर नाव कशाला घालतात. बघा, पन्नास ताटांवर कुणाचं नाव आहे! माझ्या ताईचं! मोठ्यानं वाचा कुणीतरी!"

एक नागपूरचेच गृहस्थ होते, त्यांनी चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं.

"नाली."

पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. मग नागपूरकडच्यांना आधी कळलं, कारण तिकडं गटाराला नाली म्हणतात. एक जण हसला, मग दुसरा, मग गालिच्यावरचे पन्नासच्या पन्नास लोक पोट धरून. वेलांटी आणि काना अक्षराबरोबरच जातात हे मला कुठं माहीत! मी तुकडे फिरवले ते सगळ्या साजासकट फिरले. लोक ताटं एकमेकांना दाखवत होते, नाली, नाली, आणि मी मध्ये उभा. नुकतंच भर सभेत सांगितलेलं की हे माझ्या ताईचं नाव आहे. काकूंचा चेहरा मी आयुष्यभर जपून ठेवलाय. पण ताईकडं बघायची हिंमत होईना. सूड घ्यायला गेलो आणि बहिणीला गटार करून बसलो.

ताई उठली. हातात तिचं ताट, पालथं, बोटाला श्रीखंड. मला वाटलं, माझ्या डोक्यात घालते. ती माझ्यासमोरून गेली, थेट लँपपाशी. ताट डब्याला लावून धरलं.

"काकू, इकडं या. ही ताटावरची 'ली' बघा. आणि ही डब्यावरची 'ली' बघा. वेलांटी बाहेर वळलीय. विंचवाच्या नांगीसारखी. जगात अशी वेलांटी एकच माणूस काढतो, आणि तो हा उभाय. तुमच्या आईनं नागपुरात डबा घेतला, तर त्यावर माझ्या भावाची वेलांटी कशी आली?"

काकू म्हणाल्या, "आता मला ते काय माहीत?"

"म्हणूनच सांगतेय. आणि एक. लग्नापासून मी त्याच्या लेखी लीनाच आहे. कारण त्याला माझं नाव लिहिता येत नाही."

डॉक्टरकाका उठले. त्यांनी आधी ताट बघितलं, मग डबा, मग पुन्हा ताट, जसं पेशंटचे दोन एक्सरे लावून बघतात. मग खाली वाकले आणि लँपचा प्लग काढला. शेड उचलून गालिच्यावर ठेवली, श्रीखंडातच. काकू म्हणाल्या, "अहो!" ते म्हणाले, "लीना, पन्नास साक्षीदार आहेत."

ताईनं डबा उचलला, पोटाशी धरला आणि निघाली. मागं वायर फरफटत होती. दारात जाऊन वळली आणि म्हणाली, "रिकामा परत नाही केलात हं काकू. वायर घातलीत आत."

घरी मी डब्याच्या तळाला पितळेचा तुकडा बसवला, कारखान्यातून आणलेला. गळतो अजून, बारीक दाणा असला तर. त्या आठवड्यापासून ताईनं मला रोज स्वयंपाकघरात बसवून अक्षरं शिकवली. पहिले दोन शब्द नीला आणि लीना. तिसरा मीच मागितला, नाली. ताई गेली त्याला आता सहा वर्षं झाली. डबा माझ्या ओट्यावर आहे, त्यात बासमती असतो. नावावरून हात फिरवला की वेलांटी बोटाला टोचते.

काकूंनी कधी माफी मागितली नाही आणि मी वाट बघणं सोडलं नाही. दरवर्षी दिवाळीला त्यांचा नातू करंज्यांचा प्लॅस्टिकचा डबा घेऊन येतो. काकू मुद्दाम पाठवतात, लोकांनी बघावं म्हणून. करंज्या मी खातो, चांगल्या असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आणि डबा मी दरवर्षी रिकामा परत पाठवतो. धुऊन, पुसून, आत काही म्हणजे काही नाही. नातू इंग्रजीत म्हणतो, "आजी सेज यू फरगॉट समथिंग." मी म्हणतो, आजीला सांग, काहीच विसरलो नाही.

यंदा मात्र मला राहवलं नाही. गॅरेजमधून ड्रिल आणलं, काकूंचा डबा पालथा घातला आणि तळाला एक भोक पाडलं. पाडताना खालच्या टेबलालाही पडलं, ते टेबल माझंच. पण डब्याचं भोक झकास आलं. छोटंसंच. वायर जाईल एवढं.